गुलाबी अ‍ॅस्टरमध्ये एकच जांभळं झाड निघालं, त्याची व्हरायटी होईल का?

प्रश्न थोडक्यात असा. पुरंदरमधला एक तरुण शेतकरी, घरचंच बी धरून दहा गुंठे गुलाबी अ‍ॅस्टर लावलाय, त्यात एकच झाड फिकट जांभळं निघालं आणि काडीपण बरी लांब दिसतीये. बांधापलीकडे चुलत्यांचा फुले गणेश व्हायोलेट या जांभळ्या व्हरायटीचा प्लॉट आहे. तो विचारतोय, काकू, याची माझी स्वतःची कट फ्लॉवरची व्हरायटी होईल का, किती वर्षं जातील, टिश्यू कल्चर करावं लागेल का, पिवळा धमक अ‍ॅस्टर काढता येईल का, आणि व्हरायटीला आजीचं नाव देता येईल का.

तू काकू म्हणालास म्हणून अरे-तुरे करते. बाकीचं नंतर, आधी आज संध्याकाळी शेतात जा आणि त्या झाडाला टॅग बांध. त्याच्या ज्या कळ्या अजून उमलल्या नाहीत, रंग नुसता डोकावतोय, अशा चार-पाच कळ्यांवर बटर पेपरच्या पिशव्या घाल आणि तोंड दोऱ्याने सैल बांध. जी फुलं उमललीत त्यांवर मधमाश्या येऊन गेल्यात, त्यांचं बी वाया नाही पण ते वेगळ्या पाकिटात जाईल. आणि मजुरांना सांगून ठेव की हे झाड तोडायचं नाही, कारण माझं असंच एक झाड पहाटे तोडणीत कापलं गेलं आणि दुपारी मी शोधत बसले तोवर ते जुडीत बांधून गाडीत गेलं होतं.

आता हे झाड आलं कुठून ते बघू, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. अ‍ॅस्टर बहुतांशी स्वतःच्याच परागावर बी धरतो पण थोडं फार परपरागीकरण मधमाश्यांमुळे होतंच. आणि अ‍ॅस्टरमध्ये साधारण जांभळा रंग गुलाबीवर भारी पडतो. म्हणजे शुद्ध गुलाबीच्या बियात जांभळा लपून बसलेला असू शकत नाही, असता तर तो दिसलाच असता. मग दोनच शक्यता जास्त. एक, मागच्या हंगामात चुलत्यांच्या प्लॉटमधून माशीने पराग आणला आणि तुझ्या गुलाबीच्या एका फुलावर क्रॉस, म्हणजे संकर झाला. दोन, खळ्यावर किंवा पोत्यात त्यांच्या बियाची भेसळ झाली. तिसरी शक्यता म्हणजे आपोआप झालेला बदल, म्युटेशन, ती असते पण शेजारी जांभळा प्लॉट असताना मी आधी तिच्यावर पैज लावणार नाही. एक मात्र बघून घे, फुलात कुठे हिरवटपणा, पाकळ्या पानासारख्या, झाड पिवळसर आणि काटक्यांचा झुपका असं काही नाही ना? तसं असेल तर तो रंग नाही, रोग आहे, तुडतुडे पसरवतात तो. असली झाडं 'हिरवा अ‍ॅस्टर' म्हणून जपणारे मी पाहिलेत, त्यांच्या बाकीच्या प्लॉटची वाट लागली. तसं असेल तर उपटून जाळ.

भेसळ की क्रॉस ते ओळखायला लॅब लागत नाही. पिशवीतल्या फुलांचं बी पुढच्या हंगामात लाव, साठ-सत्तर झाडं तरी. सगळी जांभळीच निघाली तर ती भेसळ, चुलत्यांचीच व्हरायटी तुझ्या शेतात आलीये, विषय संपला. पण चारातली तीन जांभळी आणि एक गुलाबी अशा हिशेबाने निघाली, वर गडद-फिकट छटा, उंच-ठेंगू अशी सगळी सरमिसळ दिसली तर तो क्रॉस आहे, हे झाड त्याची पहिली पिढी आणि तुझ्या हातात आयतीच दुसरी पिढी आली. म्हणून आत्ता हे एक झाड म्हणजे व्हरायटी नाही, ती एक सुरुवात आहे. याचं बी धरून सरळ दहा गुंठे लावलंस तर प्लॉट नुसता गोधडीसारखा दिसेल.

टिश्यू कल्चरचं एका वाक्यात सांगते, नको. जरबेरा, कार्नेशनला ते लागतं कारण ती पिकं रोपाने, फुटव्याने वाढवतात, बियाने लावली तर मूळ गुण टिकत नाहीत. अ‍ॅस्टर वर्षायू आहे, बियाचं पीक आहे, त्यात शुद्ध लाईन, म्हणजे दर पिढीला एकसारखीच निघणारी, तयार झाली की बीच तिचा साचा. म्हणूनच मी नव्या माणसाला शेवंती किंवा ग्लॅडिओच्या आधी अ‍ॅस्टरच हातात घ्यायला सांगते. ग्लॅडिओचं बी लावून फूल बघायला दोन-तीन हंगाम जातात, अ‍ॅस्टर बी टाकल्यापासून साडेतीन-चार महिन्यांत तोंड दाखवतो.

नुसत्या एका नशिबाच्या झाडावर थांबू नकोस, स्वतः क्रॉस करायला शीक. अ‍ॅस्टरचं फूल म्हणजे एक फूल नाही, शेकडो बारक्या फुलांची परडी आहे. बाहेरची प्रत्येक रंगीत पाकळी म्हणजे एक वेगळं फूल आणि ते फक्त मादी. मधला पिवळा डोळा असतो ना, त्यातल्या बारीक नळ्या म्हणजे नर-मादी दोन्ही असलेली फुलं, पराग तिथे. म्हणजे मादी झाड तयार करायला टोमॅटोसारखं एकेक पुंकेसर काढत बसायला लागत नाही, डोळा उमलायच्या आधी बारीक चिमट्याने तो सगळा पिवळा भाग खरवडून काढायचा, बाहेरच्या पाकळ्या तशाच ठेवायच्या आणि पिशवी घालायची. एकदोन दिवसांत पाकळीच्या बुडाशी दुभंगलेली, सापाच्या जिभेसारखी बारीक टोकं बाहेर येतात, ती दिसली की परागासाठी तयार. सकाळी आठ ते अकरा, दव वाळल्यावर, बाप झाडाचं फूल तोडून त्याचा पिवळा डोळा त्या टोकांवर हलका फिरवायचा. हे सलग दोन-तीन दिवस करायचं कारण पाकळ्या बाहेरून आत अशा एकेका रांगेने तयार होतात. मग परत पिशवी. महिनाभराने, फूल वाळून तपकिरी झालं आणि बियाचे केस सुटायला लागले की काढायचं.

इथे नवीन लोक एक चूक हमखास करतात, ती म्हणजे खात्रीचा खुणेचा रंग ठेवत नाहीत. कितीही खरवडलं तरी एखादी नळी राहतेच आणि स्वतःचं बी धरतंच. म्हणून आई नेहमी मागे राहणाऱ्या, म्हणजे दुसऱ्यापुढे दबणाऱ्या रंगाची घ्यावी, गुलाबी किंवा पांढरी, आणि बाप जांभळा. मग त्या बियातून जी झाडं जांभळी निघतील तेवढीच क्रॉसची, बाकी उपटायची. उलटं केलंस, आई जांभळी घेतलीस, तर खरा क्रॉस कुठला आणि आईचंच बी कुठलं ते पहिल्या पिढीत रंगावरून कळणार नाही. पांढऱ्याबद्दल मात्र सावध, पांढऱ्याला रंग नसतो पण त्याच्या पोटात जांभळ्याचा गुण दडलेला असू शकतो, त्यामुळे पांढरा आणि गुलाबी क्रॉस केला आणि पोरं जांभळी निघाली तर घाबरू नकोस.

पूर्ण डबल, पॉम्पॉनसारख्या गच्च फुलात पिवळा डोळा जवळजवळ नसतोच, त्यामुळे तिच्यात पराग मिळायची मारामार. अशी आई करावी, बाप करायचा हट्ट धरू नये. आणि घरी शुद्ध बी धरताना गच्च फुलाला पिशवीत बी कमी धरतं, तर रोज सकाळी पिशवीवरूनच फूल बोटांनी हलकं चोळायचं, पराग आतल्या आत फिरतो.

आता मुख्य मुद्दा, आणि तुझ्या प्रश्नात तू तो एका शब्दात उरकलास, 'काडीपण बरी'. अरे, कट फ्लॉवरच्या व्हरायटीत रंग सगळ्यात सोपा. रंग दुसऱ्या पिढीत दिसतो, तिसऱ्या-चौथ्यात बसतो. खरी व्हरायटी काडीत असते. मार्केट यार्डात अ‍ॅस्टरचा भाव दोन तऱ्हांनी निघतो, जुडी आणि सुट्टा. काडी दीड-दोन फूट असली तर जुडीत जातो, आखूड राहिली की देठ तोडून किलोवर सुट्टा, हारवाल्याकडे. फूल तेच असतं, त्याचा हिशोब काडी ठरवते. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक झाडापुढे रंगाचा रकाना शेवटी आहे. आधी काडीची लांबी, मग फांद्या बुडातून सरळ निघतात की वर जाऊन छत्रीसारख्या पसरतात, मग मानेची ताकद, मग एका झाडावरची फुलं एकदम उमलतात की मधलं वाळेपर्यंत बाजूच्या कळ्याच. शेवटचं फार महत्त्वाचं, कारण जुडीत पूर्ण फांदी जाते, तिच्यावर एक फूल जुनं आणि चार कळ्या कच्च्या असतील तर कोण घेईल?

आणि काडी बघायची ती कुठल्या हंगामात? यात मी सहा वर्षं घालवलीत म्हणून तळमळून सांगते. माझी एक वाइन रंगाची लाईन होती, सहा पिढ्या दर वेळी मे-जूनला बी टाकून निवडली, गणपती ते दसरा फुलं यायची, दोन फूट काडी, बघणाऱ्याचे डोळे निवायचे. मी खूश होऊन ती ऑक्टोबरला दोन शेतकऱ्यांना लावायला दिली, लग्नसराईसाठी. वीतभर काडीवरच फुलली. त्यांचं नुकसान झालं आणि चूक सर्वस्वी माझी होती. अ‍ॅस्टरची काडी लांब दिवसात ताणली जाते, दिवस लहान झाले की झाड जमिनीलगत बसून राहतं आणि तसंच फुलायला लागतं. आपल्याकडे पुण्याच्या बाजूला जूनमध्ये दिवस तेरा तासांच्या थोडा वर असतो, डिसेंबरात अकराच. दोन तासांचा फरक माणसाला जाणवत नाही पण झाडाला पुरतो. पॉलिहाऊसवाले शेवंतीला रात्री बल्ब लावतात ते याच दिवसाच्या हिशोबासाठी. उघड्या रानातला माणूस बल्ब कुठून लावणार, म्हणून त्याला थंडीतही काडी देणारी व्हरायटीच हवी.

तेव्हापासून माझी पद्धत बदलली. निवडलेल्या प्रत्येक झाडाच्या बियाची दोन पाकिटं करते, एक मे-जूनचं, एक सप्टेंबर-ऑक्टोबरचं. पावसाळ्यात काडी कोण देत नाही? सगळेच देतात. एका झाडाच्या बियाची एक ओळ, आणि थंडीत ज्या ओळीची काडी सव्वा-दीड फुटांवर टिकली तीच पुढे. पहिल्याच थंडीत माझ्या पस्तीस ओळींतल्या चार राहिल्या. मन खट्टू होतं, सुंदर सुंदर रंग उपटावे लागतात, पण उपटायचे. तुझं ते जांभळं झाड आत्ता पावसाळ्यात बरी काडी देतंय, त्याचा अर्थ अजून काहीच नाही. थंडीत बघ.

पावसाळ्याची परीक्षा वेगळी. गणपतीच्या तोंडावर चार दिवस झड लागली की गच्च डबल फुलात पाणी साठतं, आतून कुजायला लागतं, पांढऱ्यावर तपकिरी डाग तर लगेच दिसतात. म्हणून मी श्रावण-भाद्रपदाच्या प्लॉटवर कधी आच्छादन घालत नाही, बुरशीनाशक पण मारत नाही, निवडीच्या प्लॉटवर हां, विकायच्या नाही. पावसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी ओळीतून चालत जाते आणि जी फुलं माना टाकून बसलीत तिथे टॅग काढून टाकते. मला विचारशील तर बाजारात नवा रंग हवा असं ओरडतात सगळे, पण पावसात डागाळत नाही असा पांढरा कुणी काढला तर त्याच्या दारात आडतदार उभे राहतील.

मर रोगाचं पण असंच. अ‍ॅस्टर त्याच रानात परत परत लावला की फ्युजॅरियम बुरशीची मर येते, झाड एका बाजूने पिवळं पडून बसतं, बुंधा चिरला की आत तपकिरी रेघा दिसतात. सगळे असं रान सोडून देतात, मी माझं एक गुंठा तसंच ठेवलंय. चौथ्या पिढीपासून प्रत्येक ओळीची वीस-पंचवीस रोपं त्या रोगट गुंठ्यात लावते, शेजारी एक ओळ हमखास मरणाऱ्या जुन्या व्हरायटीची, म्हणजे रोग खरंच आलाय की नाही ते कळतं. त्या जुन्या ओळीत झाडं बसली आणि माझ्या ओळीत उभी राहिली तरच मानायचं. त्या गुंठ्यातलं खुरपं, पाटी, चपला बाकीच्या रानात न्यायच्या नाहीत, पाणीही तिथून बाहेर वाहू द्यायचं नाही.

किती झाडं लावायची हे पण विचारायला हवं होतंस, लोक इथेच कमी पडतात. समज तुला तीन मागे राहणारे गुण एकाच झाडात हवेत, तर दुसऱ्या पिढीत सरासरी ६४ झाडांत १ असं झाड येतं. पण ६४ लावली म्हणजे ते मिळेलच असं नाही, ९५ टक्के खात्री हवी तर १९०-१९५ झाडं लागतात. आणि काडीची लांबी काही तीन गुणांवर चालत नाही, तिच्यामागे बरेच गुण मिळून असतात, म्हणून मी दुसरी पिढी एका क्रॉसची निदान सहाशे-सातशे झाडं लावते. ३० बाय ३० सेंटीमीटरवर गुंठ्यात हजार-अकराशे झाडं बसतात, म्हणजे पाऊण गुंठ्याच्या आत काम होतं. तू दहा गुंठे अ‍ॅस्टर करणारा माणूस, एक गुंठा यासाठी सोडणं जड नाही. दुसऱ्या पिढीला शेंडा खुडायचा नाही, झाडाची मूळची ठेवण दिसू दे.

त्यातून तीस-चाळीस झाडं निवडायची, प्रत्येकाचं बी वेगळं, तिसऱ्या पिढीत प्रत्येकाची एक ओळ चाळीस-पन्नास झाडांची. आता बघायचं ते ओळ. एक झाड देखणं आणि बाकी ओळ फाटकी असेल तर ते देखणं झाड सोडायचं, हे सुरुवातीला जमत नाही, हात त्याच्याकडेच जातो. सगळी ओळ मध्यम-चांगली आहे तिच्यातलं उत्तम झाड घ्यायचं. स्वतःच्या परागावर बी धरत गेलं की प्रत्येक पिढीला मिसळ निम्मी होते, पहिल्या पिढीची शंभर धरली तर दुसरीत ५० टक्के, तिसरीत २५, चौथीत साडेबारा, पाचवीत सव्वासहा, सहावीत तीनच्या आसपास. सहाव्या-सातव्या पिढीत ओळीकडे लांबून बघितलं तर रूळावर आल्यासारखी दिसते. वर्षात दोन पिढ्या निघतात म्हणजे साडेतीन वर्षं त्यात, मग दोन वर्षं वेगवेगळ्या रानात लावून बघायची. म्हणजे पाच-साडेपाच वर्षं धर. यापेक्षा लवकर कुणी सांगितलं तर तो तिसरी-चौथी पिढी विकतोय.

टॅगवर पेनाने लिहू नकोस, उन्हात उडतं, शिसपेन्सिलीने लिही, हंगामभर टिकतं. आणि वही घरात, प्लॉटचा नकाशा तिच्यात. माझा एक हंगाम पोरांनी खेळताना टॅग गोळा केले तेव्हा नकाशामुळेच वाचला.

बादलीची परीक्षा, म्हणजे तोडलेली काडी पाण्यात किती दिवस टिकते ती, पाचव्या पिढीपासून, त्याआधी काड्या पुरत नाहीत. बाहेरच्या पाकळ्यांच्या दोन-तीन रांगा पूर्ण उघडल्या की पहाटे काड्या तोडायच्या, खालची पाने काढायची, कारण अ‍ॅस्टरचं पान पाण्यात फार लवकर सडतं. काही काड्या लगेच साध्या बोअरच्या पाण्यात ठेवायच्या, औषध-साखर काही नाही, फुलवाल्याच्या बादलीत तरी काय असतं? बाकीच्या पेपरात गुंडाळून खोक्यात घालून रात्रभर तशाच, किंवा कुणी दादरला माल नेत असेल तर त्याच्या टेम्पोत पाठवून परत आणायच्या, आणि मग पाण्यात. दुसऱ्या तऱ्हेचे दिवस खरे. आणि नुसतं फूल बघू नकोस, अ‍ॅस्टरमध्ये बऱ्याचदा फूल ताजं आणि पान आधीच पिवळं-मलूल अशी गत होते, गिऱ्हाईक पान बघून जुडी खाली ठेवतं. माझ्या वहीत फुलाचे दिवस आणि पानाचे दिवस वेगळे आहेत, आणि निवड कमी असलेल्या आकड्यावर होते. प्रवास करून आलेली काडी सात दिवसांच्या आत बसली तर मी ती ओळ बाद करते. अजून एक, पिवळा डोळा लवकर उघडणारी फुलं बादलीत लवकर म्हातारी दिसतात, म्हणून डोळा उशिरा उघडणारी किंवा झाकलेली ओळ बरी.

बियाची काळजी हा वेगळाच भाग आहे. अ‍ॅस्टरचं बी फार दिवस दम धरत नाही, साध्या डब्यात घरात ठेवलं तर वर्षाच्या आतबाहेर उगवण ढासळते. मी सुरुवातीला एक चांगली चौथी पिढी एक हंगाम न लावता ठेवून दिली, पावसाळा मध्ये गेला, पुढच्या वर्षी शंभर बियांतून नऊ उगवली. आता सावलीत नीट वाळवून पाकिटं घट्ट झाकणाच्या बरणीत, तळाला सिलिका जेल, आणि बरणी फ्रीजमध्ये. प्रत्येक पाकिटातलं निम्मं बी राखीव, सगळं कधीच लावायचं नाही, गारपिटीने प्लॉट गेला तर परत सुरुवात कुठून करणार?

पिवळा धमक म्हणालास. अ‍ॅस्टरमध्ये पिवळा म्हणजे सायीसारखा, फिकट लोण्याचा रंग, त्याच्यापुढे झेंडूसारखा किंवा शेवंतीसारखा पिवळा त्यात नाही. आणि दुसरीकडून आणावा म्हटलं तर अ‍ॅस्टरच्या वंशात, म्हणजे आपल्या या चायना अ‍ॅस्टरच्या, ही एकच जात आहे, सख्खी भावंडंच नाहीत, क्रॉस कुणाशी करणार? गुलाबात, शेवंतीत रानटी नातेवाईकांकडून गुण आणता येतात, इथे जे आहे ते घरातच. त्यामुळे पिवळ्यात वर्षं घालवू नकोस. क्रीम रंगाची लांब काडी मात्र करण्यासारखी आहे, लग्नाच्या डेकोरेशनवाल्यांना ती जांभळ्याबरोबर लागते. गामा किरण देऊन बदल घडवण्याबद्दलही लोक विचारतात. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने त्या वाटेने भुईमुगाच्या चांगल्या व्हरायट्या दिल्यात आणि फुलांतही हे काम होतं, पण त्यात हजारो झाडं तपासावी लागतात आणि बहुतेक बदल वाईटच निघतात. तुझ्याकडे आत्ता क्रॉस आयता उभा आहे, तो आधी कर.

आई-बाप म्हणून काय घ्यावं? राहुरी विद्यापीठाच्या फुले गणेश पांढरा, गुलाबी, व्हायोलेट, पर्पल या आपल्या हवेत बसलेल्या आहेत. बंगळुरूजवळच्या हेसरघट्ट्याच्या बागवानी संस्थेच्या कामिनी, पूर्णिमा, शशांक, व्हायोलेट कुशन आहेत. कामिनीचा गडद गुलाबी आणि पूर्णिमाचं भरलेलं पांढरं फूल हे क्रॉससाठी मला कायम उपयोगी पडलेत. बी संस्थेकडूनच घे, तिसऱ्या हाताचं घेतलंस तर आई कोण हेच कळणार नाही. दुसऱ्याची नोंदलेली व्हरायटी नवी व्हरायटी करायला आई किंवा बाप म्हणून वापरायला आपल्या कायद्यात परवानगी आहे. फक्त तीच व्हरायटी दर हंगामाला परत परत वापरून संकरित बी बनवून विकायचं असेल तर मालकाची परवानगी लागते.

हा कायदा म्हणजे २००१ चा पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्यात तुझी व्हरायटी नोंदवायची तर ती आधीच्या सगळ्यांपेक्षा वेगळी, आत एकसारखी आणि पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहणारी हवी, ते शेतात लावून तपासतात, म्हणून म्हटलं चौथ्या पिढीत पळत जाऊ नकोस. शिवाय ती नवी हवी, आणि इथे बरेच जण अडकतात. अर्ज करायच्या एक वर्षाहून आधी तिचं बीच नाही, तिची फुलंसुद्धा तू विकायला सुरुवात केली असशील तर ती नवी धरत नाहीत. म्हणजे सहाव्या पिढीच्या जुड्या उत्साहाने यार्डात पाठवल्यास की घड्याळ चालू झालं. माझ्या ओळखीत एकाने चार वर्षं फुलं विकली आणि मग अर्जाला गेला, परत आला. शेतात ट्रायल घेण्याला हरकत नाही, विक्रीला आहे. अर्जाच्या आधी त्या पिकाची त्यांच्या अधिसूचित यादीत नोंद आहे का ते बघून घे, शेतकऱ्याला फी लागत नाही, आणि नोंद झाली की पिकांना एकूण १५ वर्षं संरक्षण मिळतं, आधी सहा आणि मग नूतनीकरण. बी कुणाला ट्रायलला दिलंस तर साध्या कागदावर का होईना पण लिहून सही घे की हे ट्रायलपुरतं. माझी एक लाईन एका रोपवाटिकेने विश्वासाने नेली आणि दुसऱ्या वर्षी दुसऱ्याच नावाने रोपं विकली, माझ्याकडे एक चिठ्ठीही नव्हती.

आजीचं नाव दे की, त्यात काय, नुसता आकडा नको आणि फसवं, दुसऱ्या व्हरायटीशी गोंधळ होईल असं नको एवढंच. पण ते नाव आत्ता वहीत लिहू नकोस. आत्ता टॅगवर हंगाम, वर्ष आणि झाडाचा नंबर. एकदा नाव ठेवलं ना की ती ओळ उपटायला हात धजत नाही, माझ्या प्लॉटमध्ये मुलीच्या नावाची एक ओळ मी अशीच चार हंगाम सांभाळली, थंडीत काडी देत नव्हती तरी. पुढच्या हंगामात ते साठ-सत्तर झाडांचं फूल आलं की तीन-एकचा हिशोब लागतोय का ते मोजून कळव, जांभळी किती, गुलाबी किती, आणि काडी पट्टीने मोजून, नुसती 'बरी' नको.